अडतीस मिलिमीटर

१

गाडी मागून बसली होती, याचं घरात कुणालाच नवल वाटत नव्हतं. तेवीस वर्षांची गाडी, तेवीस वर्षांची पोरगी. दोघी एकाच आठवड्यात घरात आल्या. पोरगी बोलायला लागली आणि थांबलीच नाही. गाडी मात्र वर्षागणिक मागच्या डाव्या बाजूने खाली खाली जात राहिली, गुडघा दुखणाऱ्या माणसाने एका पायावर भार टाकून उभं राहावं तशी.

पोरीने गाडी फेरनोंदणीला नेली, तेव्हा नवल वाटलं ते तपासणी अधिकाऱ्याला. त्याने गाडीचे दिवे लावले, भिंतीवरचा उजेड पाहिला आणि कागदावर फुली मारली.

"हे दिवे रस्त्यावर पडतायत की आभाळात? विमान उतरवायचंय का?"

"मागून जरा बसलीये," ती म्हणाली.

"जरा? शनिवारी दुपारपर्यंत सरळ करून आणा. नाहीतर मोडीत काढा."

हे बुधवारी झालं. सोमवारी तिला दुसऱ्या शहरात नोकरीवर हजर व्हायचं होतं. गाड्यांच्या चाचण्या घेणारा कारखाना, तिच्या शिक्षणाच्या शाखेची नोकरी, आणि मुलाखतीत तिने छातीठोकपणे सांगितलं होतं की मी माझ्याच गाडीने येईन. घरी येऊन तिने बाबांना सांगितलं की मागचं दुरुस्त करायला घेते.

बाबांचं गॅरेज घराच्या खालच्या मजल्यावर होतं. दोन वर्षांपासून त्यांचे हात थरथरायचे, त्यामुळे ते स्टुलावर बसून इतरांच्या कामात चुका काढायचे. ते म्हणाले, "राहू दे. तिला सवय झालीये."

"गाडीला सवय नसते, बाबा. स्प्रिंग थकते. थकली की बदलायची."

"तीनदा बदलून झालीये."

"मग तीनदा चुकीची बदलली असणार."

एवढं बोलायची छाती गॅरेजमध्ये दुसऱ्या कुणाची नव्हती. बाबांनी स्टूल तिच्याकडे वळवलं.

"मागचं वर आणून दाखव. आलं तर गाडी तुझी, खुशाल जा."

"आणि नाही आलं तर?"

"तर राहा इथेच. मलाही हात हवेतच."

आई जिन्यात उभी राहून ऐकत होती. त्या दिवसापासून ती सकाळ-संध्याकाळ कशासाठी हात जोडत होती ते सगळ्यांना ठाऊक होतं. पोरगी गेली की घर खायला उठेल, हे ती महिनाभर भांड्यांना सांगत होती.

२

गुरुवारी सकाळी नव्या स्प्रिंगा बसल्या. मदतीला मिस्त्रीकाका होते. बाबांपेक्षा दोन वर्षांनी मोठे, अंगाने आडवे, आणि जन्मभर हातोडे ऐकून डावा कान कामातून गेलेला. त्यांनीच तिचं नाव ठिणगी ठेवलं होतं. नऊ वर्षांची असताना तिने काळी काच न लावता वेल्डिंग बघितलं, रात्रभर डोळे चोळत बसली आणि सकाळी पुन्हा बघायला आली, तेव्हापासून.

मोजायची रीत सोपी होती. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर, बस. कंपनीच्या पुस्तकात लिहिलं होतं, रिकाम्या गाडीचं तीनशे सत्तर मिलिमीटर. तिने दोन्ही बाजूंच्या मडगार्डांवर पोलादी पट्ट्या उभ्या चिकटवल्या आणि चाकांच्या मधोमध तारेचे काटे बसवले. गाडी जॅकवरून उतरवली, चार वेळा दाबून सोडली, पुढे-मागे ढकलली आणि वाकून पाहिलं.

उजवं तीनशे सत्तर.

डावं तीनशे बत्तीस.

"असं कसं?" ती म्हणाली.

"काय?" काका म्हणाले.

"असं कसं, म्हटलं!" ती ओरडली. "नवीकोरी स्प्रिंग आहे!"

"मग उजवी डावीकडे घाल."

तेही केलं. दोन तास गेले. उजवं तीनशे सत्तर, डावं तीनशे बत्तीस. टायरची हवा पाहिली. फरशी सपाट आहे का म्हणून पाणसळ लावली. चेसिसचा सांगाडा वाकला असेल म्हणून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी मापं घेतली. ती तर शाळेतल्या भूमितीच्या वहीसारखी बिनचूक निघाली. डिकी रिकामी, सीटखाली काही नाही. तरी अडतीस मिलिमीटर. जास्त नाही, कमी नाही.

बाबा स्टुलावरून सगळं बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद नव्हता, आणि त्यानेच ती जास्त चिडली. ज्याला तुमच्या हरण्याचा आनंदही होत नाही, त्याच्याशी भांडायचं तरी कसं?

३

दुपारी ती विचार करायला गाडीत जाऊन बसली. मागे उजवीकडे. ती तिची जागा. लहानपणापासून बाबा चालवायला, आई त्यांच्या शेजारी आणि ती मागे उजवीकडे. मागची डावी जागा रिकामी. त्या बाजूच्या दाराचं कुलूप बिघडलेलं होतं, ते आतूनही उघडत नसे आणि बाहेरूनही. तिथे आई पिशवीसुद्धा ठेवू देत नसे. मेकॅनिकच्या घरच्या गाडीचं कुलूप तेवीस वर्षं बिघडलेलं! घरातल्या कितीतरी गोष्टी तिला अशाच वाटायच्या. मोठ्यांनी एकदा आळस केलेला, आणि मग त्या आळसाचा नियम झालेला.

"अगं हललीस का?" बाहेरून काका म्हणाले. ते पट्टीपाशी वाकले होते. "हे बघ, झाली की सरळ!"

"काय झाली?"

"डावं तीनशे बत्तीस, उजवं तीनशे बत्तीस. टाकून दे असंच. तू मागे बसून जा, गाडी दुसरा कुणी चालवेल."

ते आपल्याच विनोदावर हसले. ती उतरली. उजवा काटा तीनशे सत्तरवर गेला. ती बसली. तीनशे बत्तीस.

नोकरीसाठी गेल्याच आठवड्यात वैद्यकीय तपासणी झाली होती. वजन चौपन्न किलो. म्हणजे या स्प्रिंगवर चौपन्न किलोला अडतीस मिलिमीटर. हिशेब शाळकरी होता. डाव्या बाजूला कसला तरी चौपन्न किलोचा भार आहे, तो सापडला की काम झालं. दाराच्या पत्र्यात जुनी दुरुस्ती, शिसं, वाळू, काहीही असेल. तिने दाराचं आतलं अस्तर काढलं, सीट काढून बाहेर ठेवली, गालिचा उचलला.

काही नव्हतं. गंजाचे दोन ठिपके आणि एक लहान मुलाच्या अंगड्याचं बटण.

सीट बाहेर, गालिचा बाहेर, तरी काटा जेमतेम दोन मिलिमीटर वर आला. सीटच्या वजनाएवढाच.

तिने सीट पुन्हा बसवली. बोल्ट पिळताना तिच्या लक्षात आलं, की आपण त्या जागेवर झुकायचं टाळतोय. हात लांब करून, कुणाला ओलांडून काहीतरी घ्यावं तसं आपण काम करतोय. मग ती मुद्दाम पुढे सरकली आणि तिने सीटवर कोपर टेकवलं. सीट थंड होती. सगळ्या सीटा थंडच असतात.

४

गाडी नेहमी जिथे उभी असायची तिथे डाव्या मागच्या चाकाशेजारी एक खांब होता. त्यावरच्या खडूच्या खुणा तिने हजारदा पाहिल्या असतील. खांबाच्या एका अंगाला तिची उंची. दर वाढदिवसाला बाबा तिला तिथे उभी करत, डोक्यावर गुण्या ठेवत आणि रेघ मारून तारीख घालत. खांबाच्या दुसऱ्या अंगाला गाडीची उंची. तीही त्याच दिवशी मोजायची. "दोघी बरोबर आल्या, दोघींना बरोबर मोजायचं," असं बाबा म्हणायचे, आणि लहानपणी तिला त्याची फार मौज वाटायची. तिच्या रेघा वर चढत गेल्या, गाडीच्या खाली उतरत गेल्या. म्हातारं होणं म्हणजे हेच, असं तिने सातवीत निबंधात लिहिलंही होतं.

त्या संध्याकाळी तिने पहिल्यांदा त्या दुसऱ्या अंगाच्या रेघा पट्टी लावून मोजल्या. म्हटलं, स्प्रिंग कुठल्या वर्षी कशी थकली ते तरी कळेल.

पहिल्या वर्षी सहा मिलिमीटर. दुसऱ्या वर्षी एकूण आठ. मग दरवर्षी आणखी एक, दोन, एक. स्प्रिंगा तीनदा बदलल्या होत्या, त्यांच्या तारखाही शेजारी होत्या. बदलल्यावर रेघ वर यायला हवी होती. ती जिथल्या तिथे होती. तेराव्या-चौदाव्या वर्षी एकदम मोठ्या उड्या. अठरानंतर जवळजवळ थांबलेली.

आणि दहाव्या वर्षी रेघ वर गेली होती. चार मिलिमीटर वर. पुढच्या वर्षी पुन्हा खाली.

दहाव्या वर्षी तिला कावीळ झाली होती. सहा किलो वजन उतरलं होतं. आई अजून सांगते, पोरीची नुसती काडी झाली होती.

तिने ती रेघ बोटाने पुन्हा चाचपली. पण ती शिकलेली मुलगी होती, तिने लगेच कारण शोधलं. सोपं कारण. बाबा गाडी मोजताना तिला आत बसवत असणार. भारासकट मोजायचं, म्हणजे नेहमीच्या वापरातली उंची कळते. लहान होतो, आठवत नाही इतकंच.

काका हात धूत होते. ती त्यांच्या उजव्या कानाशी गेली.

"काका, बाबा गाडी मोजायचे तेव्हा मला आत बसवायचे ना? डावीकडे, मागे?"

काकांनी नळ बंद केला.

"तुला? त्या सीटवर? तुझी आई बसू देईल होय!"

"मग मी कुठे असायचे?"

"कुठे म्हणजे? खांबापाशी. खडू धरायला तूच तर असायचीस."

५

शुक्रवारी सकाळी ती बाबांसमोर जाऊन उभी राहिली.

"ते खांबावरचं काय आहे?"

"मापं."

"कसली?"

बाबांनी थरथरणारा हात दुसऱ्या हाताने धरला. "तू एवढी शिकलीस. मापं कसली असतात?"

"बाबा, सरळ बोला. कोडी घालू नका. मला उद्या दुपारी गाडी दाखवायचीये."

"मग रबर बदलायचं राहिलंय ते बदल."

ते खरंच राहिलं होतं. मागचं प्रत्येक चाक एका लोखंडी आर्मवर असतं, आणि तो आर्म चेसिसला रबरी बुशमधून बोल्टने जोडलेला असतो. बोल्ट कसला की रबर त्या स्थितीत धरलं जातं. चाकं लोंबकळत असताना कसलं तर गाडी खाली आल्यावर रबर पिळवटतं आणि गाडी कधीच नीट बसत नाही. म्हणून गाडी चाकांवर उभी करायची, नेहमीची माणसं नेहमीच्या जागी बसवायची आणि मग खालून कसायचं. हे पुस्तकात होतं. बाबांची रीतही हीच होती, फक्त तिला त्यांनी एक शेपूट लावलेलं होतं.

"डावा बोल्ट सैल असताना गाडीतून कुणी उतरायचं नाही."

"आणि उजवा?"

"उजव्याचं काही नाही."

"का? उजव्या रबराला भावना नसतात का?"

"कुणी उतरायचं नाही," बाबा म्हणाले. "आधी कस, मग उतरव. तीनदा मी तसंच केलंय. इतकं ऐक."

तिने मान डोलावली. मोठ्यांचं ऐकलंसं दाखवायची एक मान तिच्याकडे लहानपणापासून तयार होती.

६

सकाळी अकराला सगळे खाली जमले. गाडी नेहमीच्याच जागी, खालून काम करायच्या खड्ड्यावर उभी होती. ती खाली खड्ड्यात उतरली. उतरण्यापूर्वी घरातल्या चपला खड्ड्याच्या पायरीवर काढून तिने कामाचे बूट घातले. डाव्या चाकाजवळच्या फरशीवर एक लहान आरसा तिरका ठेवला, म्हणजे खालून पट्टी वाचता येईल. मागे उजवीकडे तिच्या जागी काकांना बसवायचं ठरलं.

"मी बसलो तर तुझी गाडी उजवीकडे कलंडेल हो, ठिणगे."

"तुम्ही बसा. श्वास तेवढा सावकाश घ्या."

आई साडी सावरत पुढे बसली. "लवकर आटप गं. वर स्वयंपाक खोळंबलाय." मग आवाज खाली आणून, "नाही झालं तर काही बिघडत नाही."

बाबा चालकाच्या जागी बसले. दारं लागली. एक, दोन, तीन. खड्ड्यात गाडीचं पोट तिच्या डोक्यावर थोडं खाली आलं आणि स्थिरावलं. आरशात काटा तीनशे चोवीस.

तिने उजवा बोल्ट सैल केला. रबर सुटल्याचा बारीक आवाज झाला. जुनं काढून नवं बसवून ते तात्पुरतं आवळून ठेवलंच होतं, आता फक्त या स्थितीत कसायचं. तिने कसला.

मग डावा. तो सहज सुटत नव्हता. तिने पान्यावर पाइप चढवला आणि पूर्ण जोर लावला. बोल्ट सुटला तेव्हा रबराचा आवाज झाला नाही. गाडीतून एक आवाज आला. हलका, लांबलेला. बराच वेळ आखडून बसलेलं माणूस पाय मोकळे करताना सोडतं तसा.

"काका, हललात?"

"काय?" काका वरून म्हणाले.

आता फक्त कसायचं होतं. पाव मिनिटाचं काम. पान्याची मूठ हातात होती. पण आरशातला काटा तिच्याकडे बघत होता आणि तिच्या डोक्यात कालपासून एकच गोष्ट घुमत होती. रबर मोकळं आहे, स्प्रिंग नवी आहे, आत्ता या क्षणी या गाडीला खाली धरून ठेवणारं काहीच नाही. हे तिघे उतरले की काटा एकतर सत्तरवर जाईल आणि माझं शास्त्र खरं ठरेल, नाहीतर... नाहीतर काय? हे तिला बघायचंच होतं. कसल्यावर पुन्हा कधी दिसणार नव्हतं.

"झालं!" ती ओरडली. "उतरा. एकेक करून. सावकाश."

"बोल्ट कसलास?" बाबांचा आवाज.

"हो."

पुढचं उजवं दार. बाबांच्या वहाणा फरशीवर दिसल्या. काटा तीनशे सत्तावीस.

पुढचं डावं दार. आईच्या चपला. तीनशे बत्तीस.

मागचं उजवं. काकांचे बूट, धप्पकन. तीनशे बत्तीस.

काटा तिथेच थांबला. तिघांची पावलं गाडीच्या उजव्या बाजूला गोळा झाली होती, आई चपला घासत पुढून वळसा घालून गेली होती. तीनशे बत्तीस. म्हणजे हरलोच, असं तिला वाटलं. आणि दुसऱ्याच श्वासाला तिला फार बरं वाटलं, का ते कळलं नाही.

तेव्हा डावीकडचं मागचं दार उघडलं.

तेवीस वर्षांत तिने तो आवाज ऐकला नव्हता, तरी ओळखला. बिजागरी कोरडी नव्हती. रोज तेल घातल्यासारखं दार उघडलं.

काटा वर चढला. एकदम नाही. माणूस सीटवरून आधी कडेला सरकतं, मग एक पाय खाली ठेवतं, मग भार उचलतं, तसा. तीनशे चाळीस. तीनशे बावन्न. तीनशे सत्तर.

आरशात पट्टीच्या मागे खांब दिसत होता. खांबाच्या आणि गाडीच्या मधल्या बोळातून काहीतरी गेलं. क्षणभर खडूच्या रेघा झाकल्या गेल्या, खालपासून वरपर्यंत, आणि पुन्हा दिसल्या. शेवटची रेघ झाकली गेली, पण तिच्या वरचा खांब उघडाच राहिला. बरोबर तिच्या उंचीएवढं.

७

तिने आधी बोल्ट कसला. हात आपोआप चालले. पान्याची टकटक ऐकताना ती स्वतःला समजावत होती. रबर मोकळं झालं, गाडी वर यायला क्षणभर लागला. दार? अस्तर काढताना आपणच कुलपाची कळ हलवली असणार. आणि सावली काकांची. सगळ्याला कारण होतं. तीनशे सत्तर! जिंकलो होतो आपण.

वर बाबांचा आवाज आला. "पोरगी कुठाय?"

"ही काय," काका म्हणाले. "वहिनींच्या मागोमाग वर गेली."

ती खड्ड्यातून हसली. "काका, मी खाली आहे! अजून खड्ड्यातच!"

उत्तर नाही. काकांचा डावा कान. ती पुन्हा ओरडली. "बाबा! बघितलं का? सत्तर!"

बाबांच्या वहाणा डाव्या चाकापाशी आल्या. आरशात त्यांचा वाकलेला चेहरा दिसला. ते पट्टी वाचत होते. त्यांचे ओठ हलत होते, पण ते तिच्याशी बोलत नव्हते. मग ते उघड्या दाराशी उभे राहिले, आणि तिथल्या रिकाम्या सीटवरून त्यांनी हात फिरवला. आता तो हात थरथरत नव्हता.

"गेली वर," बाबा म्हणाले. "आली तिच्या घरी."

त्या वहाणा जिन्याकडे गेल्या. जिना चढताना बाबा दर पायरीला थांबायचे. आज ते थांबले नाहीत. काका पण त्यांच्या मागून, बूट न काढता.

ती खड्ड्यातून वर आली तेव्हा गॅरेजमध्ये कुणी नव्हतं. गाडी सरळ उभी होती, आखीव, नव्यासारखी. ती इतकी सरळ तिने कधीच पाहिली नव्हती आणि ओळखीची वाटत नव्हती. तिने बूट काढले आणि पायरीवर चपला घालायला पाय टाकला.

चपला तिथे नव्हत्या.

८

त्या तिला जिन्याच्या वरच्या टोकाला सापडल्या. घराच्या दाराबाहेर, जोडीने, टाचा भिंतीकडे. तिची चपला काढायची पद्धत अशी नव्हती. तिच्या एक इकडे, एक तिकडे असायच्या आणि त्यावरून रोज बोलणी खावी लागायची.

दार अर्धं उघडं होतं. आत ताटं मांडल्याचा आवाज, खुर्च्या सरकल्याचा आवाज. बाबा जोरात हसले. तिने बाबांना असं हसताना शेवटचं कधी ऐकलं होतं ते तिला आठवेना. कदाचित ऐकलंच नव्हतं.

"बाई गं," आई म्हणत होती, "आज पहिल्यांदा हात धुऊन जेवायला बसली माझी लेक. बघा तरी हे हात! एका नखात काळं नाही."

"गाडीचं काय मग? शनिवारी नेणार ना?" काकांनी विचारलं.

उत्तर आलं असावं, कारण काका लगेच "हं" म्हणाले. डाव्या कानाने त्यांना ते कसं ऐकू गेलं कोण जाणे. तिला काहीच ऐकू आलं नाही.

"जायलाच कशाला हवं?" आई म्हणाली, आणि तिचा आवाज भरून आला. "खरंच नाही जाणार? माझी शपथ?"

फटीतून टेबलाचा कोपरा दिसत होता. तिची जागा भिंतीकडची. तिथे ताटावर एक हात होता. मनगटावर वेल्डिंगच्या ठिणगीचा डाग नव्हता. कुठलाच डाग नव्हता. तेवीस वर्षं काचेच्या आत ठेवल्यासारखा हात. आईने त्यावर आपला हात ठेवला होता.

"आई," ती दारातून म्हणाली.

आईने मान वर केली. तिच्या दिशेने पाहिलं, तिच्या चेहऱ्याच्या थोडं बाजूला, कपाळावर बारीक आठी घालून. मग ती उठली आणि दारापाशी आली. इतकी जवळ, की तिच्या पदराचा वास आला.

"वारा येतोय," आई आत वळून म्हणाली, आणि तिने दार लावून घेतलं.

९

ती अनवाणी खाली आली. मनात कारणांची रांग लावत आली. आईला चष्म्याशिवाय दिसत नाही. दार अंधारात आहे. काकांची कुणी भाची आली असेल. बाबांनी सगळ्यांना सामील करून घेऊन चेष्टा मांडली असेल, हरले ना ते. हे शेवटचं कारण तिला इतकं आवडलं की तिने ते दोनदा म्हटलं, मोठ्याने. गॅरेजमध्ये आवाज घुमला नाही.

मोजून बघू, ती म्हणाली. उगाच डोकं चालवण्यापेक्षा मोजावं.

ती उजवं मागचं दार उघडून आपल्या जागी बसली. काच खाली केली, बाहेर वाकली आणि पट्टी पाहिली.

तीनशे सत्तर.

ती नीट टेकून बसली, दोन्ही पाय वर घेतले, सगळा भार सीटवर टाकला. पुन्हा वाकली. तीनशे सत्तर. तिने सीटवर उड्या मारल्या. तेवीस वर्षांच्या गाडीची सीट करकरायला हवी होती. काटा केसभरही हलला नाही.

मग ती सरकत सरकत डावीकडे गेली. त्या जागेवर ती जन्मात कधी बसली नव्हती. सीट थंड नव्हती. नुकतंच कुणी उठून गेल्यासारखी ऊबदार होती, आणि तिच्या पाठीला, मांड्यांना, खांद्यांना ती जागा अशी बसली की जणू तिच्या मापाचीच केली होती. बाहेर खांब होता. इथून त्याचं फक्त एक अंग दिसायचं. ते तिच्या उंचीचं होतं. तारखा, रेघा, आणि खालच्या रेघांपाशी खडू धरलेल्या लहान बोटांचे ठसे. इथे बसून दर वर्षी कुणीतरी ते पाहिलं असेल.

दार हलकेच ओढलं गेलं आणि लागलं. कुलपात कळ बसल्याचा आवाज आला.

वरच्या मजल्यावर सगळे पुन्हा हसले. सोमवारी तिला कामावर हजर व्हायचं होतं. गाडी तयार होती, आणि आता तिच्या जाण्याला घरात कुणाचीच हरकत नव्हती.

तिने हातातला पुसायचा कपडा मांडीवर ठेवला आणि काचेतून, फरशीवरच्या आरशात, डाव्या पट्टीचा काटा खाली जाण्याची वाट बघत ती बसून राहिली.